लेण्यांच्या पायथ्याशी राहिलेला टोप

रविवार, अकरा जानेवारी. हजर : सुशीलामावशी, ब्रेंडा आणि मी. गैरहजर : माझा नवरा (गुडघा) आणि मावशींचा मुलगा प्रमोद (सोसायटीची मीटिंग). गाडी ब्रेंडाची. सोबत पाणी, चपाती-भाजी, मावशींची बीपीची गोळी, जाड दोरी आणि दोन जुन्या चादरी. दोरी आणि चादरी टोप बांधून आणायला.

आधी हजेरी लिहायची ही नोकरीची सवय. परळच्या एका हॉस्पिटलात मी स्टोअर सांभाळते. कापूस, सलाईन, हातमोजे. काय आलं, काय गेलं, काय यायचं आहे. पहिल्या दोन रकान्यांचं मला काही वाटत नाही. तिसऱ्या रकान्यात काही पडून राहिलं की मात्र चैन पडत नाही. हा टोप माझ्या तिसऱ्या रकान्यात मी चौथीत होते तेव्हापासून आहे.

मुंबईत थंडी पडते ती जानेवारीत, तीही पाहुण्यासारखी. दोन-चार दिवस राहते आणि कुणी आग्रह करायच्या आत निघून जाते. तेवढ्यात परळ-लालबागमध्ये स्वेटर बाहेर येतात, डांबराच्या गोळ्यांचा वास घेऊन. टॉवरचे वॉचमन कानटोप्या घालतात. लालबागच्या बाजारात हिरव्या हरभऱ्याच्या जुड्या येतात, मातीसकट, आणि त्यांच्यावरून हात फिरवला की बोटांना आंबट ओलावा लागतो. तो मी चाखून बघते. दरवर्षी बघते. आणि दरवर्षी मला तो टोप आठवतो, कारण तो टोप हरभऱ्यासाठीच राहिला.

आमच्या चाळीत सामायिक भांड्यांचा एक संसार होता. जिन्याखालच्या खोलीच्या पोटमाळ्यावर तो वर्षभर झाकून ठेवलेला असायचा. सहा डिसेंबरला खाली उतरायचा. त्या दिवसांत दादरला लांबलांबून माणसं येतात, गाठोडी डोक्यावर घेऊन, लेकरं कडेवर घेऊन. त्यांच्यासाठी आमच्या गल्लीच्या तोंडाशी भात आणि आमटी शिजायची. माणसं परतली की भांडी घासायची, कल्हईवाला बोलवायचा. चाळभर नवसागराचा धूर व्हायचा आणि आम्हा मुलांचे डोळे चुरचुरायचे. मग चाळीतल्या बायका व्यवहाराचा विचार करायच्या : एवढी घासून लख्ख केली आहेत, आता लगेच माळ्यावर कशाला चढवायची? एकदा वापरून घेऊ. म्हणून आमची सहल जानेवारीत निघायची. इतर लोक हवा खायला जातात, आम्ही कल्हई वसूल करायला जायचो.

आणि जायचो ते लोणावळ्याच्या बाजूला. लोणावळा म्हणजे चिक्की, धुकं आणि श्रीमंतांचे बंगले. पण आमची बस गावात चिक्कीपुरती थांबायची आणि पुढे भाज्याच्या लेण्यांकडे वळायची. वर लेण्यात वंदना आणि खाली गावात पंगत, हा कार्यक्रम ठरलेला.

प्रत्येक भांड्यावर नाव होतं. ज्याने दिलं त्याचं, किंवा ज्याच्या आठवणीसाठी दिलं त्याचं. बहुतेक नावांच्या आधी 'कै.' होतं. ठिपक्याठिपक्यांची ती अक्षरं मी मसाला ढवळणाऱ्या बायकांच्या मधून मान घालून वाचायची. बोलतानाही तसंच : सोनाबाईची परात काढ, मारुतीची कढई उतरव. मेलेल्या माणसांना वर्षातून दोनदा कामाला लावायचे आमचे लोक.

त्यात एकच भांडं जिवंत माणसाचं होतं. मोठा पितळी टोप, काठाखाली नाव : गंगाराम राघू कांबळे, परळ. गंगारामभाऊ म्हणजे सुशीलामावशींचे वडील. मावशी माझ्या सख्ख्या मावशी नव्हेत, आमच्या शेजारच्या खोलीतल्या. गंगारामभाऊ गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, होते. मावशी मॅट्रिक पास झाल्या, त्यांच्या घरातल्या पहिल्या, तेव्हा भाऊंनी पेढे वाटले नाहीत. चाळीला टोप दिला. लोकांनी थट्टा केली, "भाऊ, अहो जिवंत माणसाचं नाव घालतात काय भांड्यावर?"

"मग?" भाऊ म्हणाले. "मेल्यावर वाचायला मी येणार आहे काय?"

ही गोष्ट चाळीत इतक्यांदा सांगितली गेली, की ती मी पाहिली नसून ऐकली आहे हे मला मुद्दाम लक्षात ठेवावं लागतं. टोपच का, हे मात्र कुणी थट्टेत सांगत नसे. ते मावशींनी मला मी मोठी झाल्यावर सांगितलं. कोकणात त्यांच्या गावी गावजेवण असलं की भाऊ लहानपणी लाकडं फोडून द्यायचे, पण शिजवायच्या भांड्यांना त्यांचा हात लागलेला चालत नसे. जेवण आणायला घरचं भांडं न्यायचं, लांब ठेवायचं, वरून वाढलं जायचं. "तेव्हापासून त्यांच्या डोक्यात होतं," मावशी म्हणाल्या, "पंगतीचं भांडं आपलं पाहिजे."

त्या सहलीच्या दिवशी, म्हणजे मी चौथीत होते त्या जानेवारीत, भाज्याच्या पायथ्याशी हौसाबाई नावाच्या बाईंच्या अंगणात आमची चूल मांडली होती. अंगणाच्या कडेला मोठं चिंचेचं झाड, मागे आड. पाणी त्यांचं, सरपण त्यांचं, मसालेभात आमचा. धुराचा आणि गोड्या मसाल्याचा वास स्वेटरला चिकटला तो पुढे आठवडाभर गेला नाही, कारण आईने तो स्वेटर धुतला नाही आणि मला ते आवडलं. जेवणं झाली. गंगारामभाऊंच्या टोपात बराच भात उरला होता. तो बायकांनी हौसाबाईंना टोपासकट दिला. त्यांनी आपल्या भांड्यांत भात काढून घेतला, टोप राखेने घासला, उलटा घालून निथळत ठेवला. आमच्या भाड्याच्या बसचा ड्रायव्हर हॉर्न वाजवायला लागला. घाट उतरायचा होता.

माझी आई टोप घ्यायला गेली. हौसाबाईंनी तो दिला नाही.

"रिकामं भांडं मी कुणाच्या हाती देत न्हाई," त्या म्हणाल्या. "मालक शेतावर गेल्यात हरभरा आणायला. आत्ता येतील."

आता दुसरं कुणी असतं तर म्हणालं असतं, बाई, राहू द्या तुमचा हरभरा, आम्हाला उशीर होतोय. उचलला टोप, चढले बसमध्ये. पण आमच्या चाळीत वाटीभर आमटी शेजारी गेली तरी ती वाटी रिकामी परत येत नसे. काहीच नसलं घरात तर चिमूटभर साखर, पण वाटीत काहीतरी. रिकामं द्या असं म्हणणं म्हणजे तुमच्याकडे द्यायला काही नाही असं त्या बाईला तोंडावर सांगणं. ते आमच्यापैकी एकीच्याही जिभेवर येईना. दोन्हीकडच्या बायका टोपाच्या दोन बाजूंना उभ्या. हॉर्न वाजतोय. मालकांचा पत्ता नाही. शेवटी बसमधून गंगारामभाऊच म्हणाले, "राहू दे. त्यांचं बरोबर आहे. पुढच्या वर्षी नेऊ, भरलेला."

पुढच्या वर्षी सहल निघाली नाही. गिरण्यांच्या संपाने चाळ आधीच पोखरली होती. कुणी गावी गेलं, कुणी वॉचमन झालं, कुणी हातगाडी लावली. सहा डिसेंबरचा भात मात्र चुकला नाही. माळ्यावरून भांडी खाली यायची आणि कुणीतरी म्हणायचं, एक टोप कमी आहे. दुसरं कुणीतरी म्हणायचं, आणू कधीतरी. दोन वर्षांनी भाऊ गेले. आणू कधीतरी हे चालूच राहिलं. 'कधीतरी' हा शब्द मी माझ्या स्टोअरमध्ये कुणाला लिहू देत नाही, त्याचं कारण हेच असावं.

अलीकडे चाळ पडली. पडायच्या आधी सामायिक भांडी ज्याच्या त्याच्या घरच्यांना वाटून टाकायचं ठरलं, कारण शेजारी बांधून झालेल्या टॉवरमध्ये कुणाला पोटमाळाच मिळणार नव्हता. मी वाटपाला उभी होते. सोनाबाईंची परात त्यांच्या नातवाने नेली. मारुतीची कढई त्याच्या घरच्यांनी नेली. मावशी भिंतीला टेकून शेवटपर्यंत बघत उभ्या होत्या. सगळं वाटून झाल्यावर म्हणाल्या, "अगो शोभा, माझ्या बाबांचा फोटो पण नाही गो."

मला आधी संबंध लागला नाही. मग लागला. भाऊंचा फोटो कधी काढला गेला नव्हता. गिरणीचा पास हरवला. खोलीच्या दारावर प्रमोदच्या वडिलांचं नाव होतं, आता टॉवरच्या पाटीवर प्रमोदचं आहे. गंगाराम राघू कांबळे हे नाव जगात एकाच जागी लिहिलेलं होतं, आणि ती जागा लोणावळ्याच्या पलीकडे कुणाच्या तरी घरी होती. असलीच तर.

"मला ते एकदा वाचायचं आहे," मावशी म्हणाल्या. "आणि घरी आणायचं आहे. डोळे आहेत तोवर."

म्हणून ही गाडी. ब्रेंडा माझ्याच हॉस्पिटलात बिलिंगला आहे, माहीमची. तिला मी फक्त टोपाची गोष्ट सांगितली होती. ती म्हणाली, "संडेला मास संध्याकाळची करते. चल." ब्रेंडा सगळ्यांना तू म्हणते, मावशींनाही. दुसऱ्या कुणी म्हटलेलं मावशींनी खपवून घेतलं नसतं.

"मावशी, तू पुढे बस. तुझ्या बाबांचा टोप मागे बसेल."

"बसेल का पण? एवढासा डबा तुझी गाडी."

"मग तू मागे, टोप पुढे. त्याला बेल्ट लावू."

लोणावळ्यात रविवारची गर्दी होती. इतक्या वर्षांनी मी या गावाकडे नीट पाहिलं. चिक्कीच्या दुकानाला लागून चिक्कीचं दुकान, प्रत्येक जण आपणच खरे असं पाटीवर सांगणारा. फज, मक्याची कणसं, घोडे, 'व्हॅली व्ह्यू'ची हॉटेलं. माणसं इथे काय बघायला येतात? दरी, असं म्हणतात. पण दरीकडे पाठ करून फोटो काढतात. हवा, असं म्हणतात, आणि गाडीच्या काचा वर असतात. मला हे टीका म्हणून लिहायचं नाही, मलाही चिक्की हवीच होती. फक्त प्रश्न पडला : गाव डोंगरातलं, जवळ दोन हजार वर्षांपूर्वीची लेणी, आणि सगळ्यांच्या हातात शेंगदाणे आणि गूळ. लेणी खोदणाऱ्यांच्या वेळीही या घाटवाटेने व्यापारी जात. तेही काही खायला घेत असतील. विकणारे तेव्हाही आपलाच माल खरा म्हणत असतील.

"आधी वर," मावशी म्हणाल्या. "वंदना झाल्याशिवाय टोप नाही."

पायऱ्या आता बांधून काढल्या आहेत. मावशी थांबत, बसत, कठड्याला धरत चढल्या. मला गोळीची काळजी, त्यांना माझी : "तू दम लागल्यासारखी करू नको, मला दम लागतो." वर पोचलो तेव्हा कमानीतून ऊन आत गेलं होतं. आतून थंड, कोरडा, वटवाघळांचा आणि दगडाचा वास आला. तो मात्र तस्साच होता. खांब आत झुकलेले, छताला लाकडी फासळ्या, टोकाला स्तूप. इतकी जुनी फासळी कशी टिकली असेल, हे मला चौथीतही समजलं नव्हतं आणि आताही नाही. मावशींनी हात जोडले, त्रिशरण सुरू केलं. त्यांचा आवाज बाहेर बारीक होता, आत मोठा झाला. बाजूची मुलं सेल्फी घेत होती, ती गप्प झाली. मग एका मुलीने दबक्या आवाजात विचारलं, "अजून म्हणाल का?" मावशींनी पंचशीलही म्हटलं.

ब्रेंडा दाराशी उभी राहून वर, मग दोन्ही बाजूंना बघत होती.

"शोभा, हे आमच्या चर्चसारखं आहे. मधे वाट, दोन्हीकडे खांब, शेवटी ती जागा."

"उलट म्हण. हे आधीचं."

"हो गं बाई, तुमचं आधीचं." मग म्हणाली, "आमच्या बाकांवर नावं असतात, माहीत आहे? ज्याच्या आठवणीत बाक दिला त्याचं. मी लहानपणापासून एका मिसेस कोणाच्या तरी नावावर बसते. ती कोण, कुणालाच माहीत नाही. पण माझी जागा तिची."

मी तिला सांगितलं की इथेही आहेत. इथल्या एका पाण्याच्या टाक्यावर ते देणाऱ्याचं नाव कोरलेलं आहे. समोरच्या डोंगरात कार्ल्याला तर खांबाखांबावर आहेत : कुणी सुतार, कुणी अत्तरं विकणारा, कुणी दूरदेशीचे लोक. राजांनी सगळं बांधलं असं नाही, माणसामाणसाने एकेक खांब दिला. मी हे पूर्वी वाचलं होतं, पण टाक्यापाशी उभं राहिल्यावर एक वेगळाच प्रश्न पडला. त्या काळी इथे राहणारे भिक्खू पाणी आणायला जाताना त्या टाक्याला काय म्हणत असतील? नुसतं टाकं? की देणाऱ्याचं नाव घेत असतील, सोनाबाईची परात म्हणतात तसं? दगडात नाव राहिलं हे आपण बघतोच. पण ते नाव तोंडात किती दिवस होतं? आणि ते थांबलं त्या दिवशी कुणाला कळलं का?

"तुझे डोळे स्टोअर तपासताना होतात तसे झालेत," ब्रेंडा म्हणाली. "चल खाली."

खाली गाव ओळखू येईना. शेतांच्या जागी कंपाऊंडं, कंपाऊंडांच्या आत निळे स्विमिंग पूल. चिंच दिसेना. चहाच्या टपरीवर हौसाबाईंचं नाव काढलं तर टपरीवाला म्हणाला, "त्या वारल्या, लई वर्षं झाली. सून आहे विमल. तिथं पुढं, 'चुलीवरचं जेवण' पाटी आहे बघा." मावशींनी पदर डोक्यावरून नीट केला. माझ्या डोक्यात मात्र हिशेब चालू होता : इतकी वर्षं. पितळ. मोडीत घालतात. सगळेच घालतात, आम्हीही घातलं आहे.

पाटीच्या मागे तेच अंगण होतं. चिंचेचं नुसतं बुंध्याचं बूड उरलेलं, त्यावर टेबलासारखी फरशी टाकलेली. पर्यटकांसाठी प्लास्टिकच्या खुर्च्या. पंचेचाळिशीची एक बाई भाकऱ्या थापत होती. आम्ही बसलो. चहा सांगितला. मी शब्द जुळवत होते, की असं असं, खूप वर्षांपूर्वी तुमच्या सासूबाईंकडे... तेवढ्यात ती बाई मागे वळून ओरडली,

"पूजा! गंगारामात पानी उरलंय का बघ! नसलं तर दोन कळशा ओत, आन खाली जाळ सार!"

मावशींच्या हातातला पाण्याचा ग्लास तसाच राहिला.

"काय म्हणालात?" त्या म्हणाल्या.

"अं? पानी वो, गरम. मागं चुलीवर हाय."

"कशात?"

"गंगारामात." मग बाईच्या लक्षात आलं की पाहुण्यांना कळलेलं नाही. ती हसली. "आमचं मोठं भगुनं हाय पितळंचं. त्याला आम्ही गंगारामच म्हनतो."

मावशी उभ्या राहिल्या. बहात्तरी पार केलेली बाई, आत्ताच डोंगर चढून-उतरून आलेली, आणि कमरेवर हात. "माझ्या बापाला नुसतं गंगाराम? भाऊ नाही, काका नाही, आणि वर त्याच्या खाली जाळ सारायला सांगतेस?"

विमलच्या हातात भाकरी तशीच. मग हळूच म्हणाली, "परळ?"

"परळ," मावशी म्हणाल्या.

"अगं बया." भाकरी परातीत पडली. "अवं, सासूबाई मरेपतुर वाट बघत होत्या तुमची! दर साल हरभरा निघाला की एक टोपलं बाजूला काढायच्या. परळची मानसं येतील म्हनून. चार-आठ दिस ठेवायच्या, मग वाटून टाकायच्या."

मागच्या पडवीत चुलीवर टोप होता. बूड काळंकुट्ट, वरचा अर्धा भाग रोज घासून पिवळाधमक. वाफ येत होती. पूजाने, विमलच्या सुनेने, पाणी काढून टोप खाली उतरवला, ओल्या फडक्याने पुसला. मावशी उकिडव्या बसल्या. चष्मा लावला, काढला, परत लावला. मग बोट लावलं. ठिपके घासून घासून बुजले होते. 'गंगारा' वाचता येत होतं. 'राघू' बोटाला लागत होतं, डोळ्याला नाही. 'कांबळे'च्या जागी नुसती गुळगुळीत चकाकी. 'परळ' पुसट.

"माझ्या मालकांनी आयुष्यात पहिलं वाचलं ते हेच," विमल सांगत होती. "साळंत अक्षरं शिकले, आन घरात लिवलेलं दुसरं कायच नव्हतं. ह्याच्यापुढं बसून मोठ्यानं वाचायचे. गं-गा-रा-म. तेव्हापासनं हा गंगाराम. आता कुनाकडं लगीन असलं की मानसं येतात, म्हनतात, गंगाराम मोकळा हाय का?"

"कोण माणसं?" मावशींनी विचारलं. बोट अजून टोपावरच.

"वाडीतली."

"कुठल्या वाडीतली?"

"सगळ्याच. वरची, खालची."

"आम्ही कोण ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"व्हय की. लेण्यात वंदनेला आलेली मानसं. सासूबाई सांगायच्या."

"आणि सगळे नेतात? लग्नाला? शिजवायला?"

"देवळाच्या भंडाऱ्याचा भात बी ह्याच्यातच हुतो," विमल म्हणाली. ती हे सहज म्हणाली, पुढे चुलीतलं लाकूड आत सरकवलं. तिला मावशी काय विचारत होत्या ते कळलं, की तिच्या लेखी त्यात विचारण्यासारखं काही नव्हतं, हे मला अजून ठरवता येत नाही. मावशी टोपापाशी बसूनच होत्या. ब्रेंडाने मला कोपर मारलं, म्हणजे मी काही बोलू नये.

दोरी आणि चादरी गाडीत होत्या. विमलने आम्ही न सांगता ओळखलं. "तुमचंच हाय, न्या. पर थांबा, रिकामं न्हाई द्यायची. पूजा, इंद्रायणीचं पोतं काढ."

"एवढा टोपभर तांदूळ?" ब्रेंडा घाबरून म्हणाली. "माझी गाडी बसेल, टोप नाही बसणार."

मी मनात टॉवरमधलं मावशींचं घर मांडून बघत होते. अठराव्या मजल्यावर, ओट्यावर गॅसची शेगडी, वर कपाटं. टोप कपाटात मावणार नाही. हॉलमध्ये ठेवतील, टीव्हीशेजारी, त्यात खोटी फुलं. नाव मात्र सुखरूप राहील, कुणी राख लावणार नाही. इथे नाव रोज थोडं थोडं जातंय, आणि रोज कुणीतरी ते हाक मारल्यासारखं घेतंय. दोन्ही कसं मिळेल? मिळत नाही. माझ्या सगळ्या रकान्यांत या गोष्टीला जागा नव्हती.

मावशींनी पदराने चष्मा पुसला. "शोभा, प्रमोदच्या घरी ह्याला हाक कोण मारणार गो?"

आणि त्या विमलकडे वळल्या.

"विमल, इथंच असू दे," त्या म्हणाल्या. "फक्त नावावरून हात जरा हळू. आणि मी नाव परत घालून देते. नीट, सगळं, परळसकट."

"ते बेस. सासूबाई असत्या तर त्यांनी परळचं नाव कधी पुसू दिलं नसतं," विमल म्हणाली. "पर मग तुमी हात हालवत जानार व्हय?"

ती आत गेली आणि स्टीलचा उभा डबा घेऊन आली, हिरव्या हरभऱ्याचे सोलाणे दाबून भरलेला. झाकणावर ठिपक्यांची अक्षरं : पूजाला, आत्याकडून.

परतताना घाटात ऊन उतरत होतं. मावशी पुढच्या सीटवर डबा मांडीवर घेऊन बसल्या होत्या, एकेक सोलाणा तोंडात टाकत. ब्रेंडाला भरवत. मागे चादरी घडी घातलेल्याच. लोणावळ्यात चिक्की घ्यायची राहिली, हे खोपोलीला आल्यावर लक्षात आलं. कुणी हळहळलं नाही.

त्यानंतर मी मावशींना घेऊन लालबागच्या भांड्यांच्या दुकानांतून फिरले. नाव घालणारे आहेत, पण बहुतेकांकडे विजेचं यंत्र, नव्या पातळ स्टीलसाठी. एक वयस्क गृहस्थ भेटले, छिन्नीने घालणारे. काम बंदच केलं आहे, पण छिन्नी आहे म्हणाले. टोप इथे आणता येणार नाही, तुम्हालाच यावं लागेल, असं सांगितल्यावर त्यांना गंमत वाटली. नाव लिहून घेतलं. मग चष्म्यावरून बघत विचारलं, "आधी 'कै.' लावायचं ना?"

"कशाला?" मावशी म्हणाल्या. "रोज चुलीवर आहे तो."

लग्नसराई संपली की येतो म्हणाले. त्यांचा दिवस ठरला की ब्रेंडाची गाडी ठरेल. ते सगळं होईल, त्याची मला चिंता नाही. चिंता डब्याची आहे. तो माझ्याकडे आहे, कारण मावशींकडे राहिला तर प्रमोदची बायको त्यात डाळ भरेल. काय भरून न्यायचं हे ठरत नाही. मावशी रोज फोन करतात. काल म्हणाल्या, पेढे, बाबांनी मॅट्रिकच्या वेळी वाटले नव्हते ते. परवा म्हणाल्या, सुका जवळा. ब्रेंडाचा आग्रह घरच्या केकचा. मी म्हणते गोडा मसाला, आमच्या चाळीच्या प्रमाणाचा, पण ते प्रमाण आता नक्की कुणाला आठवतं, हे विचारत फिरावं लागेल, ट्रान्झिट कॅम्पपासून विरारपर्यंत.

सोलाणे संपले. डबा धुऊन, पुसून ओट्यावर ठेवला आहे, झाकण उघडं. रोज सकाळी चहा करताना मी त्यात डोकावून बघते. अजून रिकामाच आहे.